‘नंतर परत ये’: चिपळूणच्या माळ्यावरच्या पाच गेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

चिपळूणमधल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. ट्रंक मामांची. मामा माझे नव्हेत, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गमैत्रिणीचे. भावामुळे तीही मला दादा म्हणते, आणि मी पुण्यात फावल्या वेळात जुने रेडिओ, टीव्ही गेम दुरुस्त करत बसतो हे तिला माहीत होतं. या लेखात तिला भाची म्हणतो. नावं कुणाचीच देत नाही.

मामा १९९९ साली वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० लागताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या कामासाठी टोकियोला गेले आणि २०१२ पर्यंत निशी-कासाईत राहिले. तिथे तेव्हा भारतीय कुटुंबांची वस्ती वाढत होती. सुट्टीच्या दिवशी अकिहाबारा नाहीतर नाकानोच्या दुकानांतून ते जुने गेम घेत. पण सगळे नाहीत. त्यांना एकाच जातीचे गेम आवडत: ज्यांत उड्या मारत, भिंती चाचपत एक भलंमोठं भुयार किंवा वाडा पालथा घालायचा असतो. दार दिसतं पण उघडत नाही. खूप पुढे कुठेतरी एक नवी शक्ती मिळते आणि मग त्या दाराची आठवण होते. ओहोटीलाच उघडी पडणारी वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ या दोन मालिकांची नावं जोडून या जातीला मेट्रॉइडव्हेनिया म्हणू लागले.

ट्रंकेत असे पाच गेम होते. फॅमिकॉम या निंटेंडोच्या जपानी टीव्ही गेम यंत्राच्या डिस्क सिस्टिमवरची १९८६ची पहिली मेट्रॉइड. गेम बॉयवरची दुसरी. सुपर फॅमिकॉमवरची १९९४ची सुपर मेट्रॉइड. प्लेस्टेशनवरची १९९७ची कॅसलव्हेनिया, तीच जी जगभर ‘सिंफनी ऑफ द नाइट’ म्हणून ओळखली जाते. आणि एका निंटेंडो थ्रीडीएसमध्ये मेट्रॉइड फ्यूजन. सोबत त्या त्या यंत्रांचा पसारा, आणि तळाशी चौकटीच्या कागदाची एक वही.

मामा २०१९ मध्ये गेले. २२ जुलै २०२१च्या पुरात घराचा खालचा मजला पाण्यात होता. माळ्यापर्यंत पाणी आलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस ओल होती. मामींनी काळजीपोटी ट्रंकेत मूठभर डांबरगोळ्या टाकल्या होत्या. २०२३च्या दिवाळीत साफसफाईला ट्रंक खाली आली.

अडचण

पहिल्याच संध्याकाळी भाचीच्या आतेभावाने सुपर फॅमिकॉमचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगात खुपसला. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, आपली वीज २३०ची. फट् आवाज झाला. मला फोन आला, “दादा, जळल्याचा वास येतोय.” अडॅप्टर गेला, यंत्र वाचलं. मी एवढंच म्हणालो की आता कशालाही वीज लावू नका, आणि पुढच्या शनिवारी चिपळूण गाठलं.

ट्रंक उघडल्यावर दिसलं ते असं. थ्रीडीएसचं मागचं झाकण फुगून वर आलं होतं. आतली लिथियम बॅटरी सुजली होती. डिस्क सिस्टिमच्या ड्राइव्हमधला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. हा या यंत्राचा जुना रोगच आहे, त्यात चिपळूणच्या हवेचा दोष नाही. मेट्रॉइडची पिवळी डिस्क मात्र हवेनेच मारली होती: या डिस्कांना वाचनाच्या फटीवर सरकतं झाकण नसतं, आणि आतल्या तपकिरी चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत होते. सीडीच्या डब्यांची झाकणं धुरकट झाली होती. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ पाडते, आणि गोळ्या नेमक्या त्या डब्यांना टेकून होत्या. मामींना हे सांगायची गरज नव्हती, मी सांगितलं. पुढचा अर्धा तास त्या गप्प होत्या.

डोळ्यांना न दिसणारी अडचण कॅसेटींमध्ये होती. (कार्ट्रिजला आपल्याकडे कॅसेटच म्हणतात, मीही तेच म्हणेन.) गेम बॉय आणि सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटीत बटणाएवढा एक सेल झाळलेला असतो. गेम स्वतः चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, पण तुम्ही कुठवर पोचलात, कोणती दारं उघडलीत, नकाशाचा कोणता भाग पाहिलात हे सगळं एका छोट्या मेमरीत असतं, आणि ती मेमरी त्या सेलवर जगते. सेल संपला की गेम तसाच राहतो, प्रवास पुसला जातो. सुपर मेट्रॉइडच्या कॅसेटीतला सेल २९ वर्षांचा होता.

समोरचे पर्याय

चार मतं होती आणि चारही घरातलीच.

आतेभावाचं मत विकून टाकण्याचं. मुंबईतल्या एका संग्राहकाने फोटो पाहून बरी किंमत सांगितली होती, पण अट घातली: काही उघडायचं नाही, मूळ सेल मूळ जागी हवा. संग्राहकांच्या बाजारात हे नवीन नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ची एक न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. न हाताळलेल्या वस्तूचं असं आकर्षण असतं. मला स्वतःला ते पटत नाही. दार उघडण्यासाठीच केलेला गेम बंद डब्यात ठेवून काय करायचं? पण किंमत माझ्या पटण्यावर ठरत नाही.

मामींचं मत जसं आहे तसं कोरड्या डब्यात ठेवण्याचं. ऐकायला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात सेल, सुजलेली बॅटरी आणि बुरशी यांतलं काहीच आपली वाट पाहत थांबणार नव्हतं.

तिसरा प्रश्न भाचीच्या नवऱ्याचा, आणि सगळ्यांत अवघड. “हे सगळे गेम आजही मिळतातच ना? मग जपायचं नेमकं काय?” प्रश्न रास्त होता. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात विकत मिळत नाहीत. पण आमचे पाच त्या ८७ मधले नव्हते. मेट्रॉइडचे चारही गेम निंटेंडोच्या सध्याच्या वर्गणीच्या सेवेत आहेत, कॅसलव्हेनियाही नव्या यंत्रांवर आलेली आहे. शिवाय नो-इन्ट्रो आणि रीडम्पसारख्या हौशी प्रकल्पांनी या प्रत्येकाच्या प्रतीची डिजिटल ओळख नोंदवून ठेवली आहे. आम्ही काहीच केलं नाही तरी सुपर मेट्रॉइड जगातून नाहीशी होणार नव्हती.

या प्रश्नामुळेच आमचा क्रम उलटा झाला. मी चिपळूणला जाताना डोक्यात यादी घेऊन गेलो होतो: आधी गेमची प्रत, मग यंत्र, मग वेळ उरला तर कागद. येताना यादी पालथी होती. गेम वाचलेलाच आहे, ही प्रत वाचवायची आहे. म्हणजे या प्रतीत जे आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही, ते आधी. त्यात पहिला नंबर मेमरीतल्या प्रवासाचा, दुसरा वहीचा.

वहीबद्दल इथेच सांगतो. पहिल्या मेट्रॉइडमध्ये नकाशा नाही. सगळे कप्पे एकसारखे निळे-तपकिरी दिसतात, आणि माणूस हरवतो. मामांनी चौकटीच्या कागदावर एकेक पडदा म्हणजे एकेक चौकोन असा पूर्ण नकाशा काढला होता. गेममधला ब्रिन्स्टार हा भाग निळ्या शाईत, नॉरफेअर लाल. कडेने मराठी टिपणं: ‘गोळा झाल्याशिवाय जाता येत नाही’, ‘बर्फाची बंदूक लागेल’, ‘छत पोकळ आहे, खात्री नाही’, आणि ठिकठिकाणी ‘नंतर परत ये’. जपानी वही, जपानी गेम, आणि अक्षर मराठी. मामींनी ही वही आदल्याच दिवशी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली होती.

चौथं मत भाचीचं. आधी प्रती घ्यायच्या, मग दुरुस्ती, आणि विकायचं की नाही ते शेवटी. तेच ठरलं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सुरुवात थ्रीडीएसपासून, कारण ते धोकादायक होतं. बॅटरी काढून वाळूच्या डब्यात, तिथून ई-कचऱ्यात. नवी बॅटरी बसवल्यावर यंत्र चालू झालं आणि फ्यूजन तिथे होती. ही फ्यूजन विकत घेतलेली नव्हे. २०११ मध्ये थ्रीडीएसची किंमत अचानक उतरवल्यावर आधी घेतलेल्यांना निंटेंडोने भरपाई म्हणून वीस जुने गेम दिले, त्यांतले दहा गेम बॉय ॲडव्हान्सचे. ते दहा या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात कधीही विकायला आले नाहीत, आणि ते दुकानही मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं. एसडी कार्डाची पूर्ण नक्कल घेतली, पण कार्डावरचा मजकूर त्याच एका यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असतो. यंत्र मेलं तर नक्कल मुकी. कुलूप तोडायच्या वाटा आहेत. प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ कायदेशीर धारकाला हानीपासून बचावासाठी प्रत काढू देतं, पण तांत्रिक कुलपांसाठी ६५अ हे वेगळं कलम आहे. भाची म्हणाली, त्या भानगडीत पडायचं नाही. नाही पडलो.

मग गेम बॉयची कॅसेट, आणि इथे चूक झाली. माझी. कॅसेटीचे संपर्क काळवंडले होते. ते पुसले आणि मामी शेजारी उत्सुकतेने उभ्या होत्या म्हणून ‘जरा बघू’ म्हणत सरळ गेम बॉयमध्ये घातली. पडदा उजळला, गेम चालू झाला, प्रवास साठवायच्या तिन्ही जागा रिकाम्या. नंतर कॅसेट उघडून मीटर लावला तर सेल १.१ व्होल्ट. म्हणजे प्रवास बहुधा वर्षांपूर्वीच पुसला गेला होता. पण आधी मोजलं नसल्यामुळे ‘बहुधा’च्या पुढे जाता येत नाही. खराब संपर्कावर वीज दिल्यानेही मेमरी बिघडते. मोजायला दहा मिनिटं लागली असती.

त्यानंतर नियम केला: मोजल्याशिवाय आणि नक्कल घेतल्याशिवाय कुठलीच कॅसेट चालवायची नाही. सुपर मेट्रॉइड पुण्याला आणली. तिचे स्क्रू नेहमीच्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. सेल २.७ व्होल्टवर होता, म्हणजे अजून जीव होता. कॅसेट वाचणाऱ्या यूएसबी यंत्राने आधी मेमरीची नक्कल घेतली, तीन वेळा, आणि तिन्ही एकमेकींशी ताडल्या. आठ किलोबाइट. मोबाइलवरच्या एका फोटोत अशा शेकडो मावतील.

मग नक्कल संगणकावर उघडली. अ, ब, क अशा तीन जागा, तिन्ही भरलेल्या. ‘ब’ मामांची असणार, कारण नकाशा जवळजवळ पूर्ण गुलाबी होता. या गेममध्ये जिथे गेलात तो चौकोन गुलाबी होतो. ‘क’मध्ये फक्त ११ मिनिटं, आणि नायिका जहाजापाशीच उभी. मामींना फोनवर फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, “ते माझं. मला त्या उड्या जमेनात, दिलं सोडून.” ‘अ’ कुणाचं ते कळेना. वहीच्या शेवटच्या पानावर उत्तर मिळालं: ‘अ मधला गेम आधीच्या मालकाचा आहे. पुसू नये.’ मामांनी कॅसेट जुन्या बाजारातून घेतली होती आणि एका अनोळखी जपानी खेळाडूचा अर्धवट प्रवास तसाच राखून दोनच जागांत आपलं भागवलं होतं.

सेल बदलताना वाद झाला. माझं म्हणणं, सेलसाठी खोबण झाळू, पुढच्या माणसाला पुन्हा झाळणी लागणार नाही. भाचीचं म्हणणं, मूळ कॅसेटीत खोबण नव्हती, मग पट्ट्या लावलेला तसाच सेल बसव. तिचं ऐकलं. जुना सेल निघाला की मेमरी रिकामी होते. नवा बसवून नक्कल परत भरली आणि तिन्ही जागा होत्या तशा उभ्या राहिल्या. जुना सेल एका पुडीत तारीख घालून ठेवला, मुंबईच्या संग्राहकाला मूळ वस्तू हवीच असेल तर ती ही घ्या.

डिस्कने सगळ्यांत जास्त दमवलं. ड्राइव्हमधला चिकटा स्पिरिटने काढायलाच एक दिवस गेला. नवा पट्टा नुसता बसवून चालत नाही, वाचणारा हेड कुठून सुरुवात करतो ते केसभर पुढेमागे करून जुळवावं लागतं. ते आधी एका स्वस्तातल्या, दुसऱ्याच गेमच्या डिस्कवर करून पाहिलं. मेट्रॉइडची डिस्क फटीतून, चकती हाताने इंचाइंचाने फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या किंचित ओल्या बोळ्याने पुसली. एक बाजू पहिल्या फेरीत वाचली गेली, दुसरी पाचव्या. नक्कल नोंदींशी ताडली तर जुळेना. क्षणभर वाटलं, गेलं. मग लक्षात आलं की या यंत्रात प्रवास डिस्कवरच लिहिला जातो. अमेरिकेतल्या कॅसेटीत तसं करता येत नव्हतं म्हणून तिथल्या मुलांना लांबलचक पासवर्ड उतरवून घ्यावे लागत. जिथे कुणी खेळलेलं आहे ती डिस्क कोऱ्या नोंदीशी जुळणारच नाही. न जुळणारा भाग तेवढा वेगळा काढून पाहिला, बाकी सगळं बरोबर होतं.

प्लेस्टेशनचं काम सरळ. सीडी दोनदा वाचली, दोन्ही प्रती रीडम्पच्या नोंदीशी जुळल्या. मेमरी कार्डात सेल नसतो, ते १५ खाण्यांसकट उतरलं. कॅसलव्हेनियात वाडा उलटा होऊन पुन्हा सगळा फिरावा लागतो आणि शेवटचा आकडा २००.६ टक्के असतो. मामा १९८वर थांबले होते. का, कोण जाणे.

वही ६०० डीपीआयला स्कॅन केली, प्रत्येक पान ब्रशने झाडून. मूळ वही आम्लमुक्त कागदात.

निष्पत्ती

संग्रह आता भाचीच्या पुण्यातल्या घरी, हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास असतो, पावसाळ्यात महिन्यातून दोनदा जेल तापवून कोरडं करावं लागतं. बुरशी आलेली डिस्क वेगळ्या डब्यात.

प्रत्येक गेमसोबत एक कार्ड आहे. पुढे ही वस्तू ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठी: सेल कधी बदलला, कुणी, कोणता, काय पुसलं, कशाने, नक्कल कुठे आहे, मेमरीत कुणाचं काय आहे. मूळ वस्तू विकली तर नक्कलही तिच्यासोबतच जाईल, मागे ठेवायची नाही. कायदेशीर धारकाचा हक्क वस्तूबरोबर सरकतो असं आम्ही धरून चाललो आहोत.

मुंबईच्या संग्राहकाने सेल बदलल्याचं ऐकून सुपर मेट्रॉइडचा भाव उतरवला. भाचीने ती विकलीच नाही. वहीही नाही. मामी मात्र दोनदा पुण्याला येऊन ‘क’च्या पुढे गेल्या, अर्थात नकलेवर.

आज केलं असतं तर

गेम बॉयची कॅसेट आधी उघडून मोजली असती, हे उघड आहे. पण त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं: मला दाखवायचं होतं. आजूबाजूला माणसं जमली की हात आधी बटणाकडे जातो. आता अशा कामाला मी पहिल्या दिवशी यंत्र सोबत नेतच नाही, फक्त मीटर आणि कॅमेरा.

ट्रंक रिकामी करण्याआधी आतला फोटो घ्यायला हवा होता. कुठल्या वस्तूला कुठली गोळी टेकली होती, कोणतं कागदपत्र कोणत्या डब्यात होतं, ते आता आठवणीवर आहे. मामींशीही आधी निवांत बोलायला हवं होतं. ‘क’ त्यांचं आहे हे फोटो पाठवल्यावर योगायोगाने कळलं. मामांनी कुठला गेम कधी घेतला यातलं त्यांना बरंच ठाऊक होतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

सेलच्या खोबणीबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. हा सेलही कधीतरी संपेल, आणि तेव्हा झाळणी येणारा माणूस जवळ असेलच असं नाही. भाचीने कार्डावर ‘२०४०च्या आत मोजावा’ असं लिहून तोड काढली आहे.

विकली गेली ती एकच वस्तू, गेम बॉयची कॅसेट. घेणाऱ्याने विचारलं होतं की मेमरी रिकामी आहे तर तसं लिहायची काय गरज, नव्यासारखीच आहे की. भाचीने पाचशे रुपये कमी घेतले पण कार्ड बदललं नाही. त्यावर तिच्या अक्षरात आहे: ‘तिन्ही जागा रिकाम्या. सेल न मोजता चालू केली. रिकाम्या आधी झाल्या की तेव्हा, नोंद नाही.’